विचार निवडण्याआधी ते सांगावे लागतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी छत्तीस वर्षांची. खडकीत राहते, हिंजवडीला नोकरी. माहेर नगरचं, दोन्हीकडची घरं तीन पिढ्यांची ख्रिस्ती. रविवारी उपासनेत 'देव प्रीती आहे' म्हणते आणि सोमवारी कंपनीच्या बसमध्ये बसल्याबरोबर मनात जाऊबाईंचा हिशेब सुरू होतो. त्यांनी वाकडला फ्लॅट घेतला, त्यांचा मुलगा हुशार, सासूबाईंच्या तोंडी त्यांचंच नाव. कधी कधी त्यांचं काहीतरी बिनसावं असंही वाटून जातं, मग स्वतःचीच किळस येते. वचनं म्हणून विचार हाकलते, ते दुप्पट जोराने येतात. देवाची प्रीती इतरांसाठी असेल, माझ्यासाठी नाही, असं वाटू लागलंय. तीन महिने प्रभुभोजन घेतलेलं नाही. माझे विचार ख्रिस्ताच्या विचारांशी कसे जुळवू?"

सलाम ताई.

आधी कोण बोलतंय ते सांगते. मी पाळकाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची बायको. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, मला पाळकीणबाई म्हणतात आणि लोणच्यापासून लग्नापर्यंत सगळं विचारतात. समुपदेशनाचं रीतसर शिक्षण मी लग्नानंतर घेतलं आणि गेली सव्वीस वर्षं पुण्यात हेच काम करतेय. त्यातली नऊ वर्षं एका रुग्णालयात, खाटेशेजारच्या स्टुलावर बसून. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन इतक्या बायका (अलीकडे पुरुषही) माझ्यासमोर बसल्या आहेत की, तुमचं पत्र अर्ध्यावर असतानाच प्रभुभोजनाची (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीची) गोष्ट पुढे येणार हे मला कळलं होतं.

मी अडले ती तुमच्या 'जुळवू' या शब्दापाशी. हिशेब जुळवतात तसा जुळवू, असं ते ऐकू येतं. महिनाअखेरीस वही उघडायची, जमा-खर्च तपासायचा, चुकलेले आकडे खोडायचे आणि सगळं नीट झालं की मगच वही साहेबांपुढे ठेवायची. तुम्ही मनाचं तेच करता आहात. दार लावून एकट्या बसता, एकेक विचार तपासता, वाईट दिसला की खोडता आणि वही स्वच्छ झाल्यावर देवापुढे जाऊ म्हणता. ती स्वच्छ होत नाही, म्हणून तीन महिने तुम्ही गेलेल्याच नाही.

माझ्या मते इथे क्रमच उलटा झालाय. वही आहे तशी आधी त्याच्यापुढे ठेवायची. खाडाखोड करायची ती तिथे, त्याच्याबरोबर बसून.

हे माझ्या मनचं नाही. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं आठवं वचन आपल्यातल्या बऱ्याच घरांत भिंतीवर टांगलेलं असतं. जे काही सत्य, जे काही आदरणीय, जे काही न्याय्य, जे काही शुद्ध, त्यांचे मनन करा. विचार हाकलायला तुम्हीही बहुधा तेच वापरत असाल. पण आठच्या आधी सहा आणि सात येतात, ते कुणी टांगत नाही. सहाव्यात पौल, म्हणजे ही पत्रं लिहिणारा प्रेषित, म्हणतो, कशाचीही चिंता करू नका, आपली मागणी देवाला कळवा. सातव्यात म्हणतो, मग देवाची शांती तुमची अंतःकरणं आणि तुमचे विचार राखील. आणि त्यानंतर आठवं: आता अमुक गोष्टींचं मनन करा. म्हणजे आधी सांगणं, मग राखण, मग निवड. आपण पहिल्या दोन पायऱ्या सोडून थेट तिसरीवर उडी मारतो आणि पाय मुरगळला की म्हणतो, माझा विश्वासच कमी.

'राखील' यासाठी मूळ ग्रीक शब्द लष्करी आहे, फाटकावर पहारा देण्याचा. फिलिप्पै ही रोमी वसाहत, निवृत्त सैनिकांनी वसवलेली, तिथल्या वाचकांना तो लगेच कळला असणार. तुम्ही खडकीच्या, तुम्हालाही कळेल. लष्करी फाटकावरचा शिपाई रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाकलत नाही. आत येऊ पाहणाऱ्याला थांबवतो आणि विचारतो, कोण, कुठून, काय काम. आणि मुख्य म्हणजे फाटकावर उभी आहे ती देवाची शांती, तुम्ही नाही. तुम्ही मात्र आज तीन महिने रात्रपाळीसुद्धा स्वतःच करता आहात.

आणखी एक. त्या आठव्या वचनातला पहिला शब्द 'सत्य' आहे. छान नाही, आनंदी नाही, सत्य. मला जाऊबाईंचा हेवा वाटतो, हे सत्य आहे. ते झाकून वर शुद्ध आणि प्रशंसनीय विचार रचणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं. एका पावसाळ्यात पोपडे सुटतात.

विचार हाकलल्याने दुप्पट का येतात, याचं उत्तर द्यायला पाळकीणबाई लागत नाही. १९८७ साली अमेरिकेत डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञाने काही विद्यार्थ्यांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही आणि आला तर घंटी वाजवायची. घंटी वाजतच राहिली. पुढे त्यांना विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा ते अस्वलात आणखीच रमले. एखादी गोष्ट मनात नाही ना हे पाहायला मनाला ती सतत शोधावी लागते, एवढीच त्यातली गोम. गुरं शेतात शिरू नयेत म्हणून रात्रभर गुरांचाच विचार करत बसल्यासारखं ते होतं. तेव्हा तुमच्या वचनांत काही खोट नाही. वचन हे काठीसारखं वापरायचं नसतं, इतकंच.

रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातलं दुसरं वचन तुम्हाला पाठ असेल: 'आपल्या मनाच्या नवीकरणाने स्वतःचे रूपांतर होऊ द्या.' त्यातलं 'होऊ द्या' पुन्हा वाचा. 'करा' नाही. मूळ ग्रीकमध्येही ते क्रियापद असंच आहे, कुणीतरी आपल्यावर करायचं आणि आपण करू द्यायचं, तेही चालू राहणारं. डोंगरावर येशूचं रूपांतर झालं तिथे मत्तय आणि मार्क हेच क्रियापद वापरतात. मराठी भाषांतरकारांनी 'होऊ द्या' हे दोन शब्द अचूक ठेवले आहेत. आपण मात्र ते 'करून दाखवा' असे वाचतो. (करिंथकरांस दुसऱ्या पत्रात प्रत्येक विचार बंदिवान करून ख्रिस्तापुढे नमवण्याचं जे वचन आहे, तेही लोक स्वतःच्या मनावर लाठीमार करायला वापरतात. पौल तिथे करिंथच्या मंडळीला बहकवणाऱ्यांच्या युक्तिवादांशी झगडतोय. बसमध्ये डोक्यात येणाऱ्या भुरट्या विचारांचा तो विषय नाही.)

आता जाऊबाईंकडे वळू. यासाठी मी एकच स्तोत्र देते, दहा नाही. स्तोत्र ७३, आसाफाचं. हा माणूस देवळातला गायक, म्हणजे आपल्या गायकवृंदाचा पुढारी म्हणा. तो सरळ सांगतो की माझे पाय घसरायच्या बेताला आले होते, कारण मला हेवा वाटला. मग कुणाचा वाटला त्याचं वर्णन बारकाईने करतो: त्यांना यातना नाहीत, अंगाने धष्टपुष्ट, डोळे चरबीने पुढे आलेले, इतरांसारखे कष्ट त्यांच्या वाट्याला नाहीत. ज्याने हेवा मनसोक्त केलाय त्यालाच असं लिहिता येतं. (तुमच्या जाऊबाई आसाफाच्या दुर्जनांतल्या नाहीत, त्यांचा फक्त फ्लॅट मोठा आहे. पण हेव्याला त्याने फरक पडत नाही.) पुढे तर तो म्हणतो, मी मन शुद्ध ठेवलं ते व्यर्थच गेलं. हे पवित्र शास्त्रात छापलेलं आहे, ताई. देवळात गायलं जात होतं.

मला या स्तोत्रातली पंधरा ते सतरा ही वचनं सर्वांत महत्त्वाची वाटतात. तो म्हणतो, हे मी लोकांत बोललो असतो तर तुझ्या मुलांचा विश्वासघात केल्यासारखं झालं असतं. आणि एकट्याने समजून घ्यायला गेलो तेव्हा ते मला फार जड गेलं. म्हणजे चव्हाट्यावर मांडणं आणि मनात कोंडणं, दोन्ही दारं त्याने लावून घेतली. 'मग मी देवाच्या पवित्रस्थानात गेलो.' हेवा घेऊन गेला. आधी धुऊन नव्हे. तिथे गेल्यावर त्याला स्वतःचं काय दिसलं? बाविसावं वचन: मी तुझ्यापुढे पशूसारखा होतो. तुम्ही ज्याला किळस म्हणता ती हीच. पण पुढच्याच ओळीत तो म्हणतो, 'तरी मी नेहमी तुझ्याजवळ आहे. तू माझा उजवा हात धरला आहेस.' पशूसारखा होतो तेव्हाही हात धरलेलाच होता, हे त्याला तिथे कळलं. तुम्हाला किळसेपर्यंतचं कळलंय. पुढची ओळ वाचायची राहिली आहे.

मग बसमध्ये करायचं काय? मी एक छोटी गोष्ट सांगते, व्याकरणाची. स्तोत्र २३ आपण शब्बाथ शाळेत शिकतो. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे.' पहिल्या तीन वचनांत 'तो' आहे: तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. चौथ्यात मृत्युच्छायेची दरी येते आणि तिथे 'तो' अचानक 'तू' होतो: 'तू माझ्याबरोबर आहेस.' अंधार आला तेव्हा दावीद देवाविषयी बोलायचं थांबवून देवाशी बोलू लागला.

तुम्हीही एवढंच करायचं. वाकडच्या पुलाखाली बस अडकली आणि मनात सुरू झालं, 'ती काय, तिला सगळं आयतं मिळतं', तर वाक्य तोडू नका, फक्त वळवा. 'प्रभू, तिला सगळं आयतं मिळतं असं मला वाटतं. मला ते सहन होत नाही.' विचार तोच, हेवाही तोच. पण आता तो कुणाला तरी सांगितलेला आहे. आपल्याकडे म्हणतातच, 'मनातलं बोलून टाक, हलकं वाटेल.' इथे नुसतं हलकं वाटत नाही. ऐकणारा समोर असला की वाक्य आपोआप पुढे सरकतं. बहुतेकांचं तिसरं-चौथं वाक्य असतं, 'मला भीती वाटते.' तुमचंही असेल असा माझा अंदाज आहे: सासूबाईंच्या घरात आपल्याला जागा नाही याची भीती. हेवा हा पुष्कळदा भीतीचा बाहेरचा कपडा असतो. आणि त्या भीतीवर योहान काय म्हणतो ते तुम्हाला ठाऊक आहे, पूर्ण प्रीती भीती घालवून देते. हेवा समोरून हाकलता येत नाही. त्याच्या आतली भीती सांगितली गेली की तो पाय काढता घेतो.

डोळे मिटून, हात जोडून करायची ही प्रार्थना नाही. डोळे उघडे ठेवून, खिडकीबाहेर बघत, शेजारची मुलगी हेडफोन लावून बसलेली असताना करायची. इंग्रजाळलेल्या मराठीतही चालते. शास्त्रातले जड शब्द आठवत बसू नका.

आता माझी एक चूक सांगते. पंधराएक वर्षांपूर्वी एक तरुण माझ्याकडे यायचा. प्रार्थनेच्या वेळी त्याच्या मनात देवाविषयी शिव्या यायच्या, येशूविषयी घाणेरडी चित्रं यायची. मी त्याला दहा वचनं लिहून दिली आणि सांगितलं, विचार आला की ही म्हण. दोन महिन्यांनी तो आला तेव्हा त्याची हनुवटी थरथरत होती. दहा वचनं ओळीने, एकही शब्द न चुकता म्हणायची, चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून, असं त्याचं चाललं होतं. दिवसाचे चार-चार तास. मी त्याला औषध म्हणून जे दिलं त्याचाच आजार झाला होता. तो मंत्रचळ होता, डॉक्टर ज्याला ओसीडी म्हणतात. त्याचा एक प्रकार धर्माच्या अंगाने येतो आणि प्रामाणिक माणसालाच जास्त छळतो, कारण ज्याला देवाची पर्वा नाही त्याला देवनिंदेची भीती कशाला वाटेल? त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायला मी दोन महिने उशीर केला. गोळ्या आणि उपचार सुरू झाल्यावर तो सावरला, आजही मंडळीत येतो. त्या दिवसापासून मी कुणालाही वचनांची यादी देत नाही.

तुमच्या पत्रात मला तसं दिसत नाही, हेवा हा हेवाच आहे. पण तुम्हीच तपासा. विचार आला की ठरावीक वेळा काहीतरी म्हणावंच लागतं का, न म्हटल्यास अनर्थ होईल असं वाटतं का, त्यात दिवसाचे तास जातात का? किंवा झोप उडाली आहे, जेवण जात नाही, जगण्यातच अर्थ वाटत नाही, असं आहे का? असेल तर हे पत्र बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानसचा क्रमांक आहे, फोन मोफत, दिवसरात्र चालू. विश्वासाची परीक्षा म्हणून हे सोसत बसण्यात पुण्य नाही. मधुमेहाची गोळी घेताना आपण विश्वास कमी पडला म्हणत नाही.

शरीराविषयी एवढंच. एलीया हा संदेष्टा झुडपाखाली बसून म्हणाला, पुरे झालं, माझा प्राण घे. देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. बोलणं नंतर, होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांनी. तुम्ही पहाटे पाचला उठून डबे करून रोज तीन तास बसमध्ये काढत असाल, तर तुमच्या काही विचारांना ख्रिस्ताची नाही, झोपेची गरज आहे.

तुम्ही लिहिलंय, देवाची प्रीती इतरांसाठी असेल. तुम्ही तिसऱ्या पिढीच्या ख्रिस्ती, म्हणून मी तुम्हाला केडगावच्या बाईंची आठवण देते. पंडिता रमाबाईंइतकी विचारांची जुळवणी कुणी केली असेल? कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेली बाई. शास्त्रं कोळून प्यालेली, ख्रिस्ती धर्माची तत्त्वं तपासून, वाद घालून, पटल्यावरच १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेली. आणि त्याच बाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवलं की मला ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला बाप्तिस्म्यानंतर आणखी आठेक वर्षं गेली. तोवर त्यांचं शारदा सदन मुंबईहून पुण्यात आलं होतं. म्हणजे मुलींना आसरा देणारी, शहरभर नाव झालेली ही बाई आतून म्हणत होती, अजून काहीतरी राहिलंय. विचार सगळे पटलेले होते. पण आपण आहोत तशा स्वीकारल्या गेलो आहोत, हे पटणं वेगळं असतं. ते वाद घालून येत नाही. (केडगावला कधी गेला नसाल तर दौंडच्या गाडीने एकदा जाऊन या. आयुष्याच्या शेवटी बाईंनी हिब्रू-ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं, साध्या बायकांना कळावं म्हणून सोप्या भाषेत. एवढी विद्वान बाई सोपं लिहायला बसली, हेच मला त्यांच्या साक्षीइतकं मोठं वाटतं.)

स्वीकारलं जाणं म्हणजे काय, हे लूकच्या पंधराव्या अध्यायात एका अर्धवट वाक्यात आहे. बापाची मालमत्ता उडवून घरी परतणाऱ्या उधळ्या धाकट्या मुलाची गोष्ट तुम्ही शंभरदा ऐकली असेल. तो डुकरांजवळ बसून घरी गेल्यावर काय म्हणायचं ते जुळवतो. हो, जुळवतोच. भाषणाचे तीन तुकडे आहेत: मी पाप केलं आहे. तुझा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही. मला आपल्या एका मोलकऱ्यासारखं ठेव. आता एकविसावं वचन काढा आणि घरी पोचल्यावर तो प्रत्यक्ष काय बोलतो ते बघा. पहिले दोन तुकडे आहेत. तिसरा नाही. बाप मध्येच नोकरांना हाक मारतो, झगा आणा, अंगठी आणा. 'मोलकरी' हे वाक्य त्याने मुलाच्या तोंडातून बाहेरच पडू दिलं नाही. पापाची कबुली त्याने पूर्ण ऐकली, ती अडवली नाही. घरातलं स्थान कमी करून घ्यायचा सौदा मात्र ऐकून घेतला नाही.

तुमचे तीन महिने म्हणजे ते तिसरं वाक्य आहे. 'प्रभू, विचार सुधारेपर्यंत मला मागच्या बाकावर बसू दे.'

आणि मला विचाराल तर तुमचं दुखणं थोरल्या मुलाच्याही बाजूचं आहे. तो बाहेर उभा राहून हिशेब करतो: मी इतकी वर्षं राबलो, मला करडूसुद्धा नाही, आणि परतलेल्या धाकट्याच्या मेजवानीला पोसलेलं वासरू. जाऊबाईंचा फ्लॅट आणि हे वासरू यांत फारसा फरक नाही. बाप त्याच्यासाठीही घरातून उठून बाहेर आला, हे आपण विसरतो. 'बाळा, तू नेहमी माझ्याबरोबर आहेस आणि माझं आहे ते सर्व तुझंच आहे.' यानंतर थोरला आत गेला की नाही, ते येशूने सांगितलेलं नाही.

संध्याकाळच्या बससाठी एक सवय सुचवते. ती मला जेझुइट या कॅथलिक संघाच्या एका पाद्रींनी शिकवली. आपण प्रॉटेस्टंट लोक त्यांच्याकडे जरा तिरकं पाहतो, पण नगर रस्त्यावर त्यांच्या ज्ञानदीप विद्यापीठात काही दिवस बसल्यावर माझा तिरकेपणा गेला. त्यांच्या संघाचा संस्थापक इग्नेशियस हा मुळात सैनिकी बाण्याचा गडी. १५२१ साली पँप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. महिनोन्महिने अंथरुणात पडून तो स्वप्नं रंगवायचा. कधी पराक्रमाची आणि एका मोठ्या घरच्या बाईची, कधी संतांसारखं जगण्याची. रंगवताना दोन्ही गोडच लागायची. पण त्याच्या लक्षात आलं की पहिल्या प्रकारानंतर मन कोरडं पडतं, दुसऱ्यानंतर समाधान टिकतं. म्हणजे विचार येताना कसा वाटतो यापेक्षा गेल्यावर मागे कोणती चव ठेवतो ते पाहायचं. तेव्हा परतीच्या प्रवासात दहा मिनिटं दिवस मागे फिरवून बघा. आज कुठे मन मोकळं झालं, कुठे आवळलं. चांगल्या क्षणासाठी आभार, आवळलेल्या क्षणाबद्दल एक वाक्य, बस. गुण द्यायचे नाहीत. आणि इग्नेशियसचाच एक नियम तुमच्या उपयोगाचा आहे: मन उजाड असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलायचा नाही. प्रभुभोजन सोडायचा निर्णय तुम्ही नेमका तशाच दिवसांत घेतलात.

त्या मागे बघण्यात एक गोष्ट ओळखायला शिका. पवित्र आत्मा दोष दाखवतो तेव्हा नेमकं बोलतो: काल सासूबाईंपुढे तू तिच्याविषयी जे बोललीस ते खोटं होतं. त्यावर करण्यासारखं काहीतरी असतं. दुसरा आवाज मोघम असतो: तू अशीच आहेस. त्यावर करण्यासारखं काही नसतं, फक्त लपावंसं वाटतं. तो दुसरा आवाज अनेकदा आपल्या लहानपणच्या कुणाचा तरी असतो, बोर्डिंगच्या मॅट्रनबाईंचा, वडिलांचा, आणि आपण त्यालाच देवाचा समजून बसतो. हे लक्षात यायला मला स्वतःला चाळिशी गाठावी लागली.

जाऊबाईंसाठी प्रार्थना करा हे मी सांगणारच, पण 'त्यांना आशीर्वाद दे' अशी नको. ती दात आवळूनही म्हणता येते. एक बारीक, खरी गोष्ट शोधा. त्यांचे गुडघे दुखत असतील, घराच्या हप्त्याने त्यांची झोप उडाली असेल, हुशार मुलाला मित्र नसतील. तेवढ्याच एका गोष्टीसाठी मागा. गोष्ट माहीत नसेल तर विचारा. विचारणं जमलं की अर्धी प्रार्थना झालीच. मनात प्रेम दाटून यायची वाट बघू नका. शास्त्रातली 'प्रीती' हा जुन्या नाटकातल्या पदांसारखा शब्द वाटतो खरा, पण तिथे ती पुष्कळदा हातापायांनी करायची गोष्ट असते.

हे सगळं एखाद्या माणसाजवळही बोला. एकाच. महिला मंडळात नको. 'प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं' या वाक्यावर स्वार होऊन पुण्यातल्या किती घरांच्या गोष्टी पिंपरीपर्यंत पोचल्यात ते मी पाहिलंय. तोंडाची पक्की, वयाने मोठी, आणि तुमच्या सासरशी नातं नसलेली बाई निवडा.

राहता राहिलं प्रभुभोजन. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातलं 'अयोग्य प्रकारे' हे तुमच्या मनात असणार. तिथे काय घडत होतं ते वरच्या वचनांत आहे. सुखवस्तू लोक आधी येऊन खाऊन-पिऊन घेत होते, काही जण तर झिंगत होते, आणि गरीब उपाशी राहत होते. पौल चिडलाय तो या वागण्यावर. 'अयोग्य प्रकारे' हे खाण्याच्या पद्धतीबद्दल आहे, खाणाऱ्याच्या लायकीबद्दल नाही. लायक कुणीच नसतो, माझे पाळकसाहेबही नाहीत, हे मी खात्रीने सांगू शकते. आणि अठ्ठाविसावं वचन काय म्हणतं? माणसाने आत्मपरीक्षण करावं आणि मग ती भाकर खावी. खाऊ नये असं नाही. तीन महिने परीक्षण झालंय, पुरे आहे.

येत्या पहिल्या रविवारी जा. पौलाने त्या सगळ्या रागावण्याचा शेवट अगदी घरगुती सूचनेने केलाय: जेवायला एकत्र जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. तुम्ही दोघी एकाच मंडळीत असाल आणि जाऊबाई त्याच रांगेत मागे दिसल्या, तर क्षणभर थांबा आणि त्यांना पुढे जाऊ द्या.